अंशतः

दसरा चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानात
मी लोकांचे अर्ज भरून देतो. अकरा वर्षं झाली.
जात, उत्पन्न, रहिवास, रेशनमधलं नाव कमी करणे.
व्हिसाचा हा पहिलाच.
शेवंता वडणगेकर, वय त्रेसष्ट, कुंभार गल्ली.

पिशवीतून तिनं पासपोर्ट काढला,
उन्हात वाळवलेला, पापडासारखा वळलेला.
पानं एकमेकांना सोडेनात.
सोडवली तेव्हा फोटोतला अर्धा चेहरा
समोरच्या कोऱ्या पानावर राहिला.

"लेक तिकडं नर्स हाय."
देशाचं नाव तिच्या जिभेवर बसत नाही,
म्हणून तिकडं.
मेघाराणीनं फोनवर पाठवलेलं मी मोठ्यानं वाचलं :
आपत्तीत घर गेलेल्या, आणि इथे
रक्ताचं माणूस असलेल्या व्यक्तींसाठी नियम शिथिल.
"शिथिल म्हंजे?"
"सैल, मावशी. नाडी सैल करतो तसं."
ती हसली. तोंडावर पदर धरून.

मग खालची बारीक ओळ.
घर पूर्णतः नष्ट झाल्याचा दाखला जोडावा.

पंचनामा बघितला. अक्षर घाईचं,
सत्तर घरं, एक पेन.
'अंशतः पडझड.'
कारण चौकट उभी आहे, तिला लागून हातभर भिंत.
"दार हाय म्हणून घर हाय, म्हणत्यात," ती म्हणाली.
"येताना कडी लावून आलो मी. सवयीनं."

ड्रॉवरमध्ये व्हाइटनर असतं.
खोटं कशाला सांगू, हात गेला.
"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तेवढी भिंत हाय की.
हाय तर हाय."

रकाना एकोणीस :
आपण मायदेशी परत याल याचा पुरावा.
घर, जमीन, नोकरी, बँकेतली शिल्लक.
मी पेन खाली ठेवलं.
बाराव्या रकान्यात सांगायचं घर नाही,
एकोणिसाव्यात सांगायचं आहे,
आणि खाली सही : वरील सर्व मजकूर खरा.

शिवाय पुण्याला जाऊन ठसे द्यायचे.
आधारच्या वेळी मशीननं तिची बोटं तीनदा परत केली होती.
चाळीस वर्षं शाडू मळून
रेघाच उरल्या नाहीत.
रेघा होत्या त्या मूर्तींवर,
पोटाच्या गोलाईत, कानामागं, जिथं रंग नीट पोचत नाही.
राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, ते शहर विचारतं;
त्यांच्या गल्लीत नाला उलटा फिरला की कळतं.
त्या रात्री माळ्यावर चढवल्या तेवढ्या एकवीस.
खाली दोनशे, डोळे आखायचे राहिलेले.
तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा
गाळात कुठं सोंड, कुठं आशीर्वादाचा हात,
बाकी नुसता गाळ, गुळगुळीत,
कुणाचाच ठसा नसलेला.

"एकोणीसमध्ये काय लिहू?"
ती दुकानाबाहेर बघत राहिली.
कुणीतरी ओली गादी सायकलवरून नेत होतं.
"लिही, हौदात माती भिजत घातलीया."
"मावशी, ते असं..."
"मळायला दुसरं कोण हाय? दिवाळीपतोर यायाच लागतंय.
नातवाचं तोंड बघतो न् येतो."
मी लिहिलं. माती भिजत घातली आहे.
साहेबाच्या भाषेत त्याला काय म्हणतात
मला माहीत नाही.

अंगठ्याला शाई लावून तिनं जोरात दाबलं.
निळा, गच्च, बिनरेघांचा डाग.
वीसची नोट काढून दिली,
तीही धुऊन वाळवलेली, कडक.
मग अर्जाकडे बोट केलं :
"ह्याला प्लॅस्टिक मार."
"अर्ज लॅमिनेट करत नाहीत, मावशी.
त्यांना शिक्का मारायचा असतो."
"आन् मधी पाणी आलं तर?"

मशीन तापायला चार मिनिटं लागतात.
अर्जाची एक झेरॉक्स काढून
मी स्विच दाबला.